माधव महाराज, शिवपुरीचे रान आणि आफ्रिकेचे सिंह

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला माधवराव महाराज शिंदे यांचा परिचय नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. लष्करच्या वस्तीत जुन्या घरांतून त्यांची तसबीर पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर राहिली. जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहातील चांदीची आगगाडी पाहुण्यांना आवर्जून दाखविली जाते. शिवपुरीच्या छत्रीत त्यांच्या नावाने नित्यपूजा होत आली आहे. तथापि या कर्तबगार राजाच्या चरित्रातील एका प्रकरणाकडे गौरवाच्या भरात सहसा दुर्लक्ष होते. ते प्रकरण शिकारीचे. महाराजांच्या स्वभावातील गुण आणि त्या गुणांची मर्यादा ही दोन्ही त्यात जितकी स्पष्ट दिसतात, तितकी अन्यत्र क्वचितच दिसतात.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ रोजी झाला. १८८६ मध्ये जयाजीराव महाराज निवर्तले, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. मातोश्री सख्याराजे यांच्या छायेत आणि कारभारी मंडळाच्या देखरेखीखाली ते वाढले. १८९४ मध्ये राज्याची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली. या तरुण राजाला सिंहासनावर स्वस्थ बसून राहणे ठाऊकच नव्हते. १९०० साली चीनमधील बंडाच्या वेळी ते स्वतः तेथे गेले आणि जखमींसाठी त्यांनी ग्वाल्हेर नावाचे रुग्णालयजहाज सुसज्ज करून दिले. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी छोटी आगगाडी त्यांनी राज्यभर फिरविली. तिची एक शाखा शिवपुरीला गेली, तर दुसरी १९०९ मध्ये श्योपूरपर्यंत पोहोचली. पाटबंधारे, दरबारी खात्यांचे नियम, हिशेब, फौजेची शिस्त या प्रत्येक बाबीत ते जातीने लक्ष घालीत. टाटांच्या पोलाद कारखान्याच्या उभारणीच्या काळात चार लाख पौंडांचे कर्जरोखे त्यांनी एकट्याने उचलले. कोणतेही काम आधी कागदावर आखावे, माणसे नेमून द्यावीत आणि ते वेळेवर पार पाडावे, हा त्यांच्या कारभाराचा गाभा होता.

शिकारीलाही त्यांनी हाच न्याय लावला. त्या काळी संस्थानिकाच्या दृष्टीने शिकार हा केवळ छंद नव्हता. व्हाइसरॉय, सेनापती, युरोपातील राजपुत्र यांचा स्नेह संपादन करण्याचे ते एक राजकीय साधन होते. पाहुण्याला वाघ मिळाला तर दरबाराची पत वाढे आणि तो रिकाम्या हाताने परतला तर यजमानाला खाली पाहावे लागे. त्यामुळे मोठ्या शिकारीची तयारी पाहुणा येण्याच्या कितीतरी आधी सुरू होई. वाघ कोणत्या नाल्यात पाणी पितो, दिवसा कोणत्या सावलीत पडतो, याच्या खबरा रानात राहणाऱ्या माणसांकडून गोळा होत. रेडा बांधून वाघाला एका जागी गुंतवून ठेवीत. मचाण कोठे बांधावयाचे, वारा कोणत्या दिशेने वाहील, हाकारा कोठून सुरू होऊन कोठे संपेल, हे सारे ठरलेले असे. दोन्ही बाजूंच्या झाडांवर माणसे बसविली जात. वाघ वाट सोडून वळू लागला की ती झाडावर हलकेच टकटक करीत आणि त्याला पुन्हा मचाणाच्या रोखाने आणीत. गलबला केला तर वाघ उसळून हाकाऱ्यांवरच येई, म्हणून आवाज किती करावयाचा यालाही माप असे.

या विषयावर महाराजांचा अधिकार इतका मोठा होता की, १९२० मध्ये त्यांनी वाघाच्या शिकारीचे मार्गदर्शन करणारे एक इंग्रजी पुस्तकच प्रसिद्ध केले. एखाद्या सेनापतीने मोहिमेची टिपणे लिहावीत, तसा हा प्रकार होता.

शिवपुरी हे या मोहिमांचे मुख्य ठाणे. पूर्वी शिप्री म्हणून ओळखले जाणारे हे गाव महाराजांनी उन्हाळी राजधानीच्या योग्यतेला आणले. मणियार नदीचे पाणी अडवून १९१८ च्या सुमारास तेथे तलाव निर्माण झाले. त्यांपैकी सख्यासागराला मातोश्रींचे नाव दिले गेले. तलावाच्या काठी शिकारीसाठी बांधलेली खोली अद्याप उभी आहे. सभोवारच्या रानात चितळ, सांबर, चिंकारा, नीलगाय, चौसिंगा यांचे कळप होते. जेथे हरिण मुबलक तेथे वाघ टिकतो, हे महाराज जाणून होते. म्हणून ही राने दरबारी शिकारीसाठी राखीव ठेवली गेली. राखीव रानात सामान्य रयतेला सावज मारण्याची मोकळीक नव्हती. राजाच्या पाहुण्यासाठी जपलेले हरिण शेतकऱ्याच्या उभ्या पिकात शिरे, तेव्हा ही व्यवस्था त्याला किती जाचत असेल, याची कल्पना करता येते.

१९११ च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने पंचम जॉर्ज बादशहा भारतात आले. त्यांच्या मुक्कामासाठी शिवपुरीच्या रानातील सर्वांत उंच टेकडीवर एक टुमदार हवेली बांधण्यात आली. बादशहा शिकारीसाठी गेले ते नेपाळच्या तराईत. शिवपुरीच्या हवेलीत त्यांचा मुक्काम कधीच झाला नाही. जॉर्ज कॅसल हे नाव तेवढे तिच्याकडे राहिले.

महाराजांच्या शिकारी योजनांतील सर्वांत साहसी योजना मात्र सिंहांची होती. मध्य भारतातून सिंह एकोणिसाव्या शतकातच नाहीसा झाला होता. देशात तो उरला होता केवळ सौराष्ट्रातील गीरच्या अरण्यात, आणि तेथेही अगदी थोडा. लॉर्ड कर्झन १९०० मध्ये जुनागढला गेले असता त्यांनी गीरच्या सिंहाची शिकार टाळली आणि त्याच्या रक्षणाचा सल्ला दिला. ग्वाल्हेरच्या रानात पुन्हा सिंह आणावा, या कल्पनेलाही त्यांचेच प्रोत्साहन असल्याचे सांगितले जाते. कल्पना मनात येताच ती अमलात आणण्याची तयारी सुरू करणे, हा महाराजांचा स्वभाव. गीरमधून सिंह मिळणे शक्य नव्हते, म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आफ्रिकेतून सिंह मागविण्यात आले. समुद्रमार्गे आणि पुढे आगगाडीने त्यांना ग्वाल्हेर राज्यात पोहोचविले गेले. श्योपूरजवळच्या कूनो नदीच्या रानात, डोबकुंड येथे, उंच दगडी भिंतींचे आवार बांधून त्यांना ठेवण्यात आले. तेथे त्यांना पिल्लेही झाली. योजनेचा पहिला भाग आखणीप्रमाणे पार पडला.

दुसरा भाग सिंहांच्या हाती होता. भिंतीआड त्यांना आयते अन्न मिळत असे. पुढे त्यांना रानात सोडले, तेव्हा चपळ चितळापेक्षा गावालगत चरणारे गुरू त्यांना सोपे वाटले. गुरे मारली जाऊ लागली आणि त्यापाठोपाठ माणसेही बळी पडली. रयतेत हाहाकार उडाल्यावर काही सिंहांना पुन्हा पकडावे लागले. १९२० च्या सुमारास कूनोच्या रानात त्यांना सोडण्याचा आणखी एक प्रयत्न झाला. तोही फसला. सिंह आसपासच्या मुलखांत पांगले आणि एकेक करून मारले गेले. ज्या राजाने वाघाला नेमक्या मचाणासमोर आणण्याचे शास्त्र सिद्ध केले होते, त्याला परदेशी सिंहाची वाट आखता आली नाही. हाकाऱ्यात माणसे हुकमाने चालत, परंतु श्वापदाला दरबारी हुकूम कळत नाही. या हौसेची किंमत मोजली ती रानाकाठच्या गरीब माणसांनी. दरबाराच्या शिकारीत त्यांना कधी मचाण मिळाले नव्हते.

५ जून १९२५ रोजी पॅरिस येथे महाराजांचे देहावसान झाले. वय अवघे ४८ वर्षांचे. युवराज जिवाजीराव त्या वेळी नऊ वर्षांचेही नव्हते. परंपरेने जणू स्वतःची पुनरावृत्ती केली आणि ग्वाल्हेरच्या गादीवर पुन्हा एक अल्पवयीन राजा आला. शिवपुरीत मातोश्रींच्या छत्रीसमोर शुभ्र संगमरवराची त्यांची छत्री उभी राहिली.

काळाचा न्याय काही वेळा विलक्षण असतो. बंदुकीसाठी राखलेले शिवपुरीचे रान पुढे राष्ट्रीय उद्यान झाले. त्याला माधव हे नाव मिळाले आणि मार्च २०२५ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा लाभला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ज्याची शिकार हा गुन्हा ठरला, त्या वाघाला तेथे पुन्हा वसविण्यात आले. कूनोचे रान गीरच्या सिंहांचे दुसरे घर व्हावे म्हणून तेथील २४ गावे हलविण्यात आली. त्यांत सहरिया आदिवासींची संख्या मोठी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सिंह आणण्याचा आदेशही दिला, परंतु ते आले नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा चित्ते तेथे आणले गेले. आफ्रिकेतून श्वापद आणून कूनोत सोडण्याची कल्पना सुमारे शंभर वर्षांनी परत आली. या वेळी हेतू शिकारीचा नव्हता, रक्षणाचा होता.

माधव महाराजांच्या काळचे मोजमाप आजच्या फुटपट्टीने घेणे न्याय्य होणार नाही. त्यांनी राने राखली नसती तर आज राखण्यासाठी फारसे काही उरले नसते, हे कबूल करावेच लागेल. पण जनावर आणण्यापूर्वी रानाकाठच्या माणसाचा विचार करावा लागतो, हा धडाही त्यांच्याच अपयशाने दिला. त्यांच्या यशाची स्मारके ग्वाल्हेरात पावलोपावली आहेत. डोबकुंडच्या पडक्या भिंती हे त्यांच्या चुकीचे स्मारक. चरित्राच्या अभ्यासकाने दोन्हींपुढे क्षणभर थांबले पाहिजे.