माथाड्यांचे अण्णासाहेब

वाचकहो, वाशीच्या घाऊक बाजारात आपण कधी पहाटे गेला आहात काय? ट्रकमधून गोणी पाठीवर घेणारा, फळीवरून तोल सांभाळीत खाली उतरणारा हमाल आपण पाहिला असेल. त्याच्या मजुरीतील एक भाग भविष्य निर्वाह निधीत जमा होतो, त्याला पगारी रजा आहे, बोनस आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. हे ज्यांच्यामुळे घडले त्या अण्णासाहेब पाटील यांची ओळख आपल्या तरुण वाचकांना करून द्यावी, म्हणून हा अल्पसा प्रपंच.

अण्णासाहेबांचा जन्म 25 सप्टेंबर 1933 रोजी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, मंद्रुळकोळे या गावी झाला. डोंगराळ मुलूख, तुटपुंजी शेती. पाटण, जावळी, जुन्नर, आंबेगाव या भागांतील तरुण पोटासाठी मुंबईची वाट धरीत. तेही त्याच वाटेने आले आणि त्यांनी स्वतः हमाली केली. पुढारीपण त्यांच्याकडे वरून आले नाही, ते ओझ्याखालून आले.

त्या काळची हमाली म्हणजे काय होती, हे जरा सविस्तर सांगितले पाहिजे. दाणाबंदर, मशीद बंदर, कापडबाजार, लोखंडबाजार येथे हजारो माणसे डोक्यावर आणि पाठीवर माल वाहत. शंभर किलोची गोणी ही नेहमीची बाब. रात्री वखारीच्या ओट्यावर किंवा गावकऱ्यांच्या गाळ्यात पथारी. मजुरी टोळीच्या मुकादमामार्फत हाती पडे. ती किती कापली गेली, हे विचारण्याची सोय नव्हती. पाय मोडला की गावची गाडी धरावयाची. मालकाला विचारावे, तर तो म्हणणार की हा माझा नोकर नव्हे. आणि ते कायद्याने खरेही होते! एक हमाल दिवसभरात दहा दुकानांचा माल उचली. मग त्याचा मालक कोण? गिरणी कामगारांसाठी केलेले कायदे या प्रश्नापाशी येऊन अडत.

अण्णासाहेबांनी 1960 च्या दशकात या विखुरलेल्या माणसांची युनियन बांधली. संप झाले, मोर्चे निघाले, तुरुंगवासही घडला. अखेर 1969 साली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. गोदी कामगारांसाठी 1948 चा केंद्रीय कायदा होता, विलायतेतही 1947 पासून गोदी कामगारांचे मंडळ होते; परंतु बाजारपेठेतील हमालाला अशी योजना लागू करणे ही नवीन गोष्ट होती.

तिची युक्ती साधी आहे. मालक कोण, हा वाद घालीत न बसता कायद्याने मध्ये एक मंडळ उभे केले. त्यावर शासन, मालक व कामगार या तिघांचे प्रतिनिधी. व्यापाऱ्याने नोंदणी करावयाची, कामगारानेही करावयाची. व्यापारी मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरतो. मंडळ कामगाराला मजुरी देते आणि लेव्हीतून निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा व औषधोपचार यांची तरतूद करते. दहा दुकाने असोत की वीस, कामगाराचा हिशेब एकाच ठिकाणी राहतो. याच धर्तीवर 1981 साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठीही कायदा झाला.

मुंबईतील गर्दी हटविण्यासाठी 1970 साली सिडको स्थापन झाली, आणि 1980 च्या सुमारास कांदा-बटाट्याचा बाजार वाशीस येऊ लागला. मसाला, धान्य, फळे, भाजीपाला हे 1990 च्या दशकापर्यंत टप्प्याटप्प्याने आले. बाजारामागून माथाडी आला. कोपरखैरणे आणि घणसोली येथील त्याची लहान लहान घरे आपण पाहिली असतीलच. ओट्यावर झोपणाऱ्याचा मुलगा स्वतःच्या घरातून शाळेत जाऊ लागला. या शहरातील विषमतेवर एवढा नेमका घाव घालणारी दुसरी योजना निदान प्रस्तुत लेखकाला तरी दाखविता येणार नाही. मात्र ज्याचे नाव मंडळाच्या दप्तरात नाही, असा रोजंदारीवरील मजूर आजही त्याच बाजारात उघडा आहे, हेही सांगितले पाहिजे.

विधिमंडळात गेल्यावर अण्णासाहेबांचे लक्ष सुशिक्षित बेकारांकडे वळले. गावाकडे जमिनीचे तुकडे झालेले, शहरात नोकरी नाही. अशा मराठा तरुणांसाठी आर्थिक निकषावर आरक्षण मिळावे, अशी त्यांची मागणी होती. 22 मार्च 1982 रोजी त्यांनी मुंबईत प्रचंड मोर्चा नेला. मागणी मान्य झाली नाही. लोकांना शब्द दिला होता, तो पाळता आला नाही, हे त्यांच्या मनाला इतके लागले की दुसऱ्याच दिवशी, 23 मार्चला, त्यांनी आपले जीवन संपविले. वय अवघे 48. ज्या माणसाने हजारोंना जगण्याचा आधार दिला, तो आणखी वीस वर्षे हवा होता. त्या दिवशी माथाड्यांनी केवढे गमावले!

आर्थिक निकषावरील आरक्षण घटनेत यावयास 2019 साल उजाडले. त्याआधी 1998 साली त्यांच्या नावाने आर्थिक मागास विकास महामंडळ स्थापन झाले, आणि धंदा काढू पाहणाऱ्या बेरोजगार तरुणांना त्यातून कर्जासाठी साहाय्य मिळते. दर वर्षी 25 सप्टेंबरला माथाडी कामगार त्यांच्या जयंतीनिमित्त वाशीत मेळावा भरवितात.