निर्भीड इतिहासकार त्र्यंबक शंकर शेजवलकर

लोधीखेडा, सौंसर हा आमच्याकडील मुलूख पूर्वी देवगडच्या गोंड राजांचा होता. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला, आणि १८५३ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले. त्या भोसल्यांच्या दरबाराविषयीची जुनी पत्रे ज्यांनी निवडून छापली, त्या प्रा. त्र्यंबक शंकर शेजवलकरांची ओळख आमच्या वाचकांना, विशेषेकरून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना, करून द्यावी असे आम्हांस वाटते. ते ख्रिस्ती नव्हते; पण आपल्याच माणसांविषयी खरे लिहिणे किती अवघड असते हे त्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते.

शेजवलकरांचा जन्म २५ मे १८९५ रोजी राजापूर तालुक्यातील कशेळी या गावी झाला. पदवी मिळाल्यावर एम.ए.साठी त्यांनी प्रबंध लिहिला, तो विद्यापीठाने नाकारला. दुसरा एखादा तेथेच थांबला असता. शेजवलकर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या कागदपत्रांत रमले. मध्यंतरी त्यांनी 'प्रगति' नावाचे साप्ताहिकही चालविले. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात संशोधन संस्था सुरू झाली, आणि मोठी पदवी नसलेल्या या गृहस्थांना मराठ्यांचा इतिहास शिकविण्यासाठी तेथे बोलाविले. साताऱ्याचा पारसनीसांचा संग्रहही त्याच वर्षी तेथे आला. तो त्यांच्या हाती होता. १९५५ साली ते निवृत्त झाले.

मूळ कागद पाहिल्यावाचून लिहू नये, हा धडा युरोपात गेल्या शतकापूर्वीच्या शतकात जर्मन इतिहासकार रांके यांनी घालून दिला. रांके लुथरन घरातले. तरी पोपांचा इतिहास लिहिताना त्यांनी जुने दस्तऐवज धुंडाळले आणि विरुद्ध पक्षालाही न्याय देण्याचा प्रयत्न केला. शेजवलकरांपुढचे काम आणखी नाजूक होते. त्यांना परक्यांना नव्हे, घरच्यांना तोलायचे होते.

१४ जानेवारी १७६१ चा पानिपतचा पराभव मराठी मनाला अजून सलतो. त्याचे खापर पुष्कळ जण सदाशिवराव भाऊंच्या गर्विष्ठपणावर फोडीत. शेजवलकरांनी रणभूमी स्वतः पाहिली, पत्रे ताडली, आणि १९४६ साली 'पानिपत १७६१' हा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. मेलेल्या सेनापतीवर सारा दोष टाकून मोकळे होणे त्यांना मान्य नव्हते. भाऊंची बाजू त्यांनी मांडली, आणि खुद्द नानासाहेब पेशव्यांच्या कारभाराची कठोर झडती घेतली. १७५६ साली इंग्रजांची मदत घेऊन पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांचे आरमार बुडविले, ही गोष्ट तर या कोकणच्या माणसाने कधीच क्षमा केली नाही. पुण्यात बसून पेशव्यांविषयी असे लिहिणे म्हणजे रोष ओढवून घेणेच होते. त्यांची भाषाही काही ठिकाणी गरजेपेक्षा तिखट आहे, असे आमचे मत आहे.

शब्बाथ शाळेत दावीद राजाची गोष्ट सांगताना गल्याथापाशीच थांबण्याचा मोह होतो. उरीयाचे प्रकरण मुलांपुढे कसे मांडावे, असा प्रश्न शिक्षक आम्हांला विचारतात. पवित्र शास्त्राने मात्र ते पान गाळलेले नाही. पेत्राने केलेला नाकारही चारही शुभवर्तमानांत आहे. शेजवलकरांचे ग्रंथ वाचताना हे वारंवार मनात येते.

नागपूरच्या पत्रांचे त्यांचे काम फारसे कोणास ठाऊक नाही. नाना फडणीसांचे दप्तर वाईजवळ मेणवलीस होते. त्यातील नागपूर दरबारासंबंधीची मराठी पत्रे निवडून त्यांनी 'नागपूर अफेअर्स' या नावाने दोन खंडांत, १९५४ व १९५९ साली, संपादिली. आमच्या भागाचा इतिहास ज्याला लिहावयाचा असेल त्याने हे खंड अवश्य पाहावेत. 'निजाम-पेशवे संबंध' हा ग्रंथही १९५९ चाच.

अखेरची वर्षे त्यांनी शिवचरित्रासाठी दिली. मुंबईच्या मराठा मंदिर या संस्थेसाठी ते लिहावयाचे होते. प्रस्तावना झाली, आराखडा झाला, साधने जमली. आणि २८ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांचे देहावसान झाले. जे तयार होते तेवढेच 'श्रीशिवछत्रपति' या नावाने १९६४ साली छापले गेले. त्या अपुऱ्या ग्रंथाला १९६६ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.