कागदी सिंडेलर आणि तुमची टॉप टेन

कॅन्टीनमधला हा वाद तुम्ही नक्की केला असणार. चहा थंड होतो, लेक्चर बुडतं आणि टेबलावर एकच प्रश्न असतो, फुटबॉलची आजवरची सगळ्यात भारी टीम कोणती? एक जण १९७० च्या ब्राझीलचं नाव घेतो. सहापैकी सहा मॅच जिंकले, अजून काय पाहिजे! दुसरा गार्डिओलाच्या बार्सिलोनावर अडून बसतो. तिसऱ्याला २००८ ते २०१२ चा स्पेन हवा असतो, कारण युरो, वर्ल्ड कप आणि परत युरो. कोपऱ्यातला एखादा अभ्यासू मुलगा १९५४ च्या हंगेरीचं नाव काढतो आणि सगळे त्याच्यावर तुटून पडतात. फायनल हरलेली टीम ग्रेट कशी?

त्या मुलाच्या बाजूने आज एक माणूस उभा करतो. तो हंगेरीचा नाही, शेजारच्या ऑस्ट्रियाचा. त्याच्या टीमने वर्ल्ड कपची फायनलसुद्धा खेळली नाही. फिफाची क्रमवारी सुरू झाली डिसेंबर १९९२ मध्ये, म्हणजे त्या टीमला कधी अधिकृत नंबरही मिळाला नाही. तरीही जुन्या टीम्सची यादी करायला बसलेला कोणीही तिला सहज टाळू शकत नाही. माणसाचं नाव मथियास सिंडेलर. टीमचं नाव वुंडरटीम, म्हणजे चमत्कारी संघ.

सिंडेलर जन्मला १० फेब्रुवारी १९०३ रोजी, मोराव्हियातल्या कोझलोव्ह या खेड्यात. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. तो दोनेक वर्षांचा असताना घर व्हिएन्नाला आलं, फेवरिटन भागात. विटांचे कारखाने, चेक मजूर, दाटीवाटीच्या चाळवजा इमारती असा तो इलाखा. वडील गवंडी. पहिल्या महायुद्धात ते इटलीच्या आघाडीवर गेले आणि १९१७ मध्ये तिथेच मारले गेले. आईने लोकांचे कपडे धुऊन घर चालवलं. पोरगा फिटरचं काम शिकायला लागला आणि उरलेला वेळ गल्लीत आणि मोकळ्या मैदानांत बॉलमागे. गर्दीच्या जागेत अंगावर येणाऱ्याला चुकवायचं कसं, हे तो तिथेच शिकला.

हेर्था नावाच्या स्थानिक क्लबमधून तो वर आला. १९२३ मध्ये गुडघा गेला. मेनिस्कसची शस्त्रक्रिया म्हणजे त्या काळी खेळाडूचं करिअर संपल्यातच जमा, पण हा परत उभा राहिला. त्या उजव्या गुडघ्याला बांधलेली पट्टी मात्र पुढे त्याची ओळखच झाली. १९२४ मध्ये तो ज्या क्लबमध्ये गेला, त्याचं नाव दोन वर्षांनी ऑस्ट्रिया व्हिएन्ना झालं. मरेपर्यंत तो तिथेच खेळला.

अंगाने अगदी काटकुळा. अशा माणसाने बचावपटूंना धक्के देऊन जाणं शक्यच नव्हतं, म्हणून तो त्यांच्यामधल्या फटीतून सरकायचा, वाऱ्याने कागद सरकावा तसा. व्हिएन्नाने त्याचं नाव ठेवलं पापियरनं, म्हणजे कागदी माणूस. सेंटर फॉरवर्ड असूनही गोलपोस्टसमोर उभं राहून क्रॉसची वाट बघणं त्याला जमायचं नाही. तो मागे यायचा, बॉल घ्यायचा, छोटा पास द्यायचा आणि पुन्हा मोकळ्या जागेत घुसायचा. मेस्सीच्या काळात आपण ज्याला फॉल्स नाइन म्हणायला लागलो, त्याची एक जुनी आवृत्ती तुम्हाला इथे सापडेल.

१९२६ मध्ये चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध तो पहिली आंतरराष्ट्रीय मॅच खेळला आणि त्यात गोल केला. पण कोच ह्यूगो माइस्ल यांच्याशी त्याचं सरळ जमलं नाही. जानेवारी १९२९ मध्ये न्यूरेंबर्गला दक्षिण जर्मनीच्या निवड संघाने ऑस्ट्रियाला ५-० असं धुतलं. बर्फावर छोटे पास खेळत बसल्यामुळे हरलो असं बाकीचे म्हणत असताना, आपण छोटे पास कमी खेळलो असं सिंडेलरचं मत होतं, अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ तो टीमबाहेर होता.

आता व्हिएन्नाची कॉफी हाउसं डोळ्यांपुढे आणा. तिथे नाटकावर, राजकारणावर वाद व्हायचे तसेच फुटबॉलवर. ब्रिटनबाहेरची युरोपातली पहिली व्यावसायिक लीग १९२४ मध्ये ऑस्ट्रियातच सुरू झालेली. माइस्ल स्वतः या कॉफी हाउसमधले नेहमीचे. तिथल्या पत्रकारांनी त्यांच्यामागे धोशाच लावला, सिंडेलरला घ्या. ग्श्वाइडल आणि सिंडेलर हे दोन फॉरवर्ड एकत्र चालणार नाहीत असं माइस्ल यांना वाटायचं. शेवटी वैतागून त्यांनी टीमचा कागद पत्रकारांपुढे टाकला, अशी दंतकथा आहे. तुमच्या कॅन्टीनमधल्या वादातून राष्ट्रीय टीम निवडली जावी, तसा हा प्रकार!

१६ मे १९३१. समोर स्कॉटलंड. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या एकाही देशाकडून ते तोवर हरले नव्हते. ऑस्ट्रिया ५-० ने जिंकला. आठवड्याने बर्लिनमध्ये जर्मनीला ६-० आणि सप्टेंबरमध्ये व्हिएन्नात परत जर्मनीला ५-०, त्यात सिंडेलरचे तीन. स्वित्झर्लंडला ८-१. एप्रिल १९३२ मध्ये हंगेरीला ८-२, सिंडेलरचे तीन आणि शालचे चार. एप्रिल १९३१ पासून सलग १४ मॅच ही टीम हरली नाही आणि मध्य युरोपातल्या देशांची आंतरराष्ट्रीय कप स्पर्धाही तिने जिंकली.

थांबा, लगेच टॉप थ्रीमध्ये टाकू नका. रँकिंग करायचं तर समोर कोण होतं हेही बघावं लागतं. त्या स्कॉटलंडच्या टीममध्ये रेंजर्स आणि सेल्टिकचे खेळाडू नव्हते, म्हणजे निम्मा दम घरीच राहिलेला. हा मुद्दा विरोधकांच्या खात्यात लिहा. पण लगेच पुढची ओळही लिहा. ७ डिसेंबर १९३२ रोजी ऑस्ट्रिया लंडनला स्टॅमफर्ड ब्रिजवर इंग्लंडशी खेळला. व्हिएन्नाच्या हेल्डनप्लाट्झ चौकात लाउडस्पीकरवर कॉमेंटरी ऐकायला लोक जमले होते. हाफटाइमला २-० ने मागे पडलेली टीम परत आली, सिंडेलरने गोल केला, तरी शेवटी ४-३ ने हरली. घरच्या मैदानावर जिंकूनही इंग्लंडच्या पत्रकारांनी पाहुण्यांच्या खेळाचं कौतुक केलं. आकड्यांत ही हार आहे आणि माझ्या मते हाच या टीमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

खरी गोची कॅलेंडरची झाली. १९३० च्या वर्ल्ड कपला ऑस्ट्रिया उरुग्वेला गेलाच नाही. पुढचा वर्ल्ड कप १९३४ चा. टीमचा बहर १९३१ ते १९३३, म्हणजे बरोब्बर दोन वर्ल्ड कपच्या मध्ये. दरम्यान गोलकीपर रुडी हिडेन पॅरिसच्या क्लबकडे निघून गेला होता. क्लबकडून सिंडेलर जोरात होता. १९३३ च्या मिट्रोपा कप फायनलमध्ये मिलानच्या आम्ब्रोझियाना-इंटरविरुद्धची पहिली मॅच २-१ ने गेली, पण परतीच्या मॅचमध्ये त्याने तीनच्या तीन गोल मारून ती ३-१ ने काढली. पण कॅन्टीनमध्ये मिट्रोपा कप कोण मोजतं?

१९३४ ला इटलीत ऑस्ट्रियाने फ्रान्सला जादा वेळेत ३-२ आणि हंगेरीला २-१ असं हरवलं. ३ जूनला मिलानमध्ये यजमान इटलीशी सेमी फायनल. पावसाने मैदानाचा चिखल झालेला. ज्या टीमचं सगळं भांडवल जमिनीलगतचे छोटे पास, तिला चिखलात काय करता येणार? त्यात सिंडेलरच्या मागे लुईस मोंती. हा गडी १९३० ची फायनल अर्जेंटिनाकडून खेळलेला आणि आता इटलीकडून खेळत होता. दणकट आणि दयामाया न दाखवणारा. ग्वाइताने एक गोल केला, त्या गोलच्या वेळी गोलकीपरला ढकललं की नाही यावर वाद झाला आणि मॅच १-० ने संपली. त्याच रेफरीला पुढे फायनलही मिळाली. तिसऱ्या क्रमांकाची मॅचही ऑस्ट्रिया जर्मनीकडून ३-२ ने हरला. सिंडेलर त्यात खेळला नाही. याच इटलीला ऑस्ट्रियाने चारच महिन्यांपूर्वी तुरिनमध्ये ४-२ ने हरवलं होतं, हे ट्रॉफीच्या कपाटात कुठेच दिसत नाही.

१९३७ च्या फेब्रुवारीत माइस्ल वारले. मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात घुसल्या आणि देशच नकाशावरून गेला. १९३८ च्या वर्ल्ड कपला ऑस्ट्रिया पात्र ठरला होता. टीमच उरली नाही, म्हणून पहिल्या फेरीत स्वीडनला फुकट पुढची चाल मिळाली.

३ एप्रिल १९३८ रोजी व्हिएन्नात एक मॅच ठेवली गेली, जर्मनी आणि कालपर्यंतचा ऑस्ट्रिया यांच्यात. विलीनीकरणाचा उत्सव म्हणून. ३५ वर्षांचा सिंडेलर लाल-पांढऱ्या रंगात उतरला. पहिल्या हाफमध्ये गोल नाही. दुसऱ्या हाफमध्ये एक त्याने मारला, दुसरा सेस्टाने लांबच्या फ्री किकवर, २-०. बरोबरी ठरली असतानाही त्याने मुद्दाम गोल केला आणि नाझी अधिकाऱ्यांच्या बॉक्ससमोर नाच केला, असं कित्येक पुस्तकांत वाचायला मिळतं. नाचाबद्दल इतिहासकारांना खात्री नाही. एवढं नक्की, की त्यानंतर जर्मनीकडून खेळायला तो कधीच गेला नाही. वय आणि दुखापतीचं कारण पुढे केलं. दोन्हीकडचे खेळाडू मिसळून बनवलेली ती जर्मन टीम वर्ल्ड कपच्या पहिल्याच फेरीत स्वित्झर्लंडकडून हरली.

इथपर्यंत गोष्ट सिनेमासारखी आहे. पुढचं पान वाचायला जड जातं. १९३८ मध्येच सिंडेलरने फेवरिटनमधलं एक कॅफे विकत घेतलं. मूळ मालक ज्यू होता. नाझी राजवट ज्यूंची दुकानं, घरं जबरदस्तीने विकायला लावत होती, त्याच व्यवस्थेतून हा व्यवहार झाला. सिंडेलर त्या माणसाशी चांगला वागला असं त्याचे चाहते सांगतात. तो मालक पुढे टेरेझिनच्या छावणीत मेला. मॅचमधल्या नाचाची गोष्ट जितक्या उत्साहाने सांगितली जाते, तितक्या उत्साहाने ही सांगितली जात नाही. म्हणून मुद्दाम सांगतोय.

२३ जानेवारी १९३९ रोजी सिंडेलर आणि त्याची मैत्रीण कॅमिला कास्तान्योला त्यांच्या फ्लॅटमध्ये सापडले. तो मेलेला होता, ती नंतर हॉस्पिटलमध्ये गेली. कारण कार्बन मोनॉक्साइड. तपासात धुराड्यातला बिघाड पुढे आला. लोकांनी मात्र आत्महत्या, खून, गेस्टापो असं सगळं बोलून पाहिलं आणि अजून बोलतात. त्याचा ३६ वा वाढदिवस १८ दिवसांवर होता. अंत्ययात्रेला हजारो लोक आले. नावावर ४३ आंतरराष्ट्रीय मॅच आणि २६ गोल.

आता यादी. ट्रॉफी मोजल्या तर वुंडरटीम पहिल्या वीसमध्येही बसायची नाही. सर्वोत्तम दोन वर्षांचा खेळ मोजला तर ती पहिल्या दहात येते, असं माझं मत आहे. पुढे कोणाला काय दिलं हे मोजलं तर अजून वर, कारण १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ ने हरवलं, तेव्हा त्यांचा सेंटर फॉरवर्ड हिडेगकुटीही असाच मागे येऊन खेळत होता. ब्राझीलला मी वरच ठेवतो. हंगेरीला त्यांच्या लगेच खाली, त्या अभ्यासू मुलाला खूश करायला म्हणून नाही. वुंडरटीमला सातवा नंबर देतो आणि दर वर्षी तो बदलतो. नाचाच्या गोष्टीचे मार्क मी धरत नाही, ते सिंडेलरचे आहेत की आपले, हेच ठरत नाही म्हणून. तुमच्या टेबलावर हे नाव निघालं, तर नंबर ठरवायच्या आधी एक गोष्ट मिटवून घ्या, मिलानचा चिखल धरायचा की वजा करायचा?