राजा दीनदयाळ : आपला किल्ला काचेवर उतरविणारे छायाचित्रकार



किल्ल्यावर जाताना उरवाई घाटीतील तीर्थंकरांच्या मूर्ती तुम्ही सर्वांनी पाहिल्या आहेत. तोमर राजांच्या काळात, पंधराव्या शतकात, त्या कड्यात कोरल्या गेल्या. सर्वात मोठी मूर्ती आदिनाथांची, सुमारे ५७ फूट उंच. तिचा फोटो काढायला गेलो की अडचण कळते. जवळ उभे राहिले तर मूर्ती चौकटीत मावत नाही, आणि मागे सरकावे तर जागा अपुरी पडते. वर आकाश लख्ख आणि खाली खडकाची सावली, म्हणून एक नीट आले तर दुसरे बिघडते. अमेरिकेच्या वाळवंटातील खोल दऱ्यांत किंवा आपल्या चंबळच्या बीहडांत फोटो काढणाऱ्यांनाही हीच अडचण येते. ते रुंद कोनाचे भिंग लावतात आणि आकाशाचा उजेड दाबण्यासाठी पुढे फिल्टर लावतात.

सुमारे १४० वर्षांपूर्वी, यातील बऱ्याच सोयी नसताना, ज्यांनी ग्वाल्हेरचा किल्ला आणि मध्य भारतातील वास्तू काचेवर उतरविल्या, त्या लाला दीनदयाळ यांची ओळख आज करून घेऊ.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना येथे एका जैन जवाहिऱ्यांच्या कुटुंबात झाला. घरचा धंदा रत्नांचा, पण मुलगा रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घ्यायला गेला. १८६६ मध्ये त्यांना इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके तयार करण्याची नोकरी मिळाली. पगार निश्चित, मान चांगला. त्या काळी कोणत्याही आईवडिलांनी समाधान मानावे अशी ती जागा होती.

१८७४ च्या सुमारास त्यांना छायाचित्रणाचा नाद लागला. नोकरी सांभाळून, उरलेल्या वेळात ते ही विद्या शिकले. मध्य भारताचे गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनीही पाठीवर हात ठेवला. एका मराठी दरबाराने परप्रांतातून आलेल्या गुणी तरुणाला आधार दिला, ही गोष्ट आपण ग्वाल्हेरकर मराठी मंडळींनी अभिमानाने लक्षात ठेवावी.

त्या वेळचे काम किती कष्टाचे होते ते समजून घ्या. पाटीएवढ्या काचेवर रसायन लावायचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि वाळण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. आपल्याकडच्या उन्हात काच किती लवकर वाळत असेल याची कल्पना करा. लाकडी कॅमेरा, तिपाई, काचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या, तंबू आणि पाणी, हे सर्व सामान बरोबर न्यावे लागे. १८८० नंतर कोरड्या काचा मिळू लागल्या तेव्हा हे काम थोडे सोपे झाले.

फिल्टरचा तर उपयोगच नव्हता. जुन्या काचेला मुख्यतः निळा प्रकाश दिसे, पिवळा आणि लाल जवळजवळ दिसत नसे. त्यामुळे निळे आकाश कोरे पांढरे येई, ढग नाहीसे होत, आणि आपल्या किल्ल्याचा पिवळसर दगड काळपट येई. पिवळा फिल्टर निळा प्रकाश अडवितो. तो लावला असता तर काचेवर काहीच उमटले नसते. म्हणून छायाचित्रकाराच्या हातात दोनच गोष्टी उरत : उभे राहण्याची जागा आणि दिवसाची वेळ. रुंद कोनाची भिंगे मात्र त्या काळी मिळत होती. उंच इमारतीसाठी कॅमेरा वर तिरपा करायचा नाही, तर भिंगाची पट्टी वर सरकवायची, म्हणजे भिंती सरळ येतात. नकाशे काढून तयार झालेली दीनदयाळ यांची नजर इथे कामी आली. त्यांच्या छायाचित्रांतील इमारती ओळंब्यात उभ्या दिसतात.

१८८२-८३ मध्ये नवे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य भारताचा दौरा केला. सांची, खजुराहो, ओरछा, दतिया आणि आपले ग्वाल्हेर त्यांनी टिपले. त्या वेळी किल्ला शिंदे सरकारच्या ताब्यात नव्हता. १८५८ पासून तेथे इंग्रजी फौज होती आणि १८८६ मध्ये तो परत मिळाला. मानमंदिर, सासबहू मंदिर, तेली मंदिर यांच्या दुरुस्तीची कामे त्याच वर्षांत चालली होती. म्हणून ही छायाचित्रे आज पुराव्यासारखी आहेत. १८८६ मध्ये या दौऱ्यातील छायाचित्रांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

याच सुमारास दीनदयाळ यांनी मोठा निर्णय घेतला. त्यांनी आधी लांबची रजा घेतली आणि पुढे नोकरीच सोडली. वय चाळिशीच्या पुढे आणि घरात बायकामुले. पण हे धाडस आंधळे नव्हते. दहा-अकरा वर्षे नोकरीबरोबर काम करून त्यांनी हात बसविला होता. हैदराबादचे निजाम सहावे मेहबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि पुढे राजा बहादुर मुसव्विर जंग हा किताब दिला. सिकंदराबाद, इंदूर आणि मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ झाले. १८९२ मध्ये हैदराबादला त्यांनी पडद्यातील स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तेथील काम एका इंग्रज बाईंकडे सोपविले. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाकडून त्यांना राजछायाचित्रकाराची सनद मिळाली. वेरूळच्या लेण्यांचीही छायाचित्रे त्यांनी घेतली.

शेवटची वर्षे मात्र सुखाची नव्हती. १९०४ मध्ये मुलगा धरमचंद वारला आणि १९०५ मध्ये त्यांचेही निधन झाले. पुढे धंदा उतरणीला लागला. आयुष्यभर जमविलेल्या काचांपैकी किती फुटल्या, किती हरवल्या, याची गणती नाही. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने कुटुंबाकडून २८५७ काचा घेतल्या, म्हणून तेवढ्या वाचल्या. २००६ मध्ये भारतीय डाक विभागाने त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढले.

या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्या असे मला वाटते. पहिली पालकांसाठी : मुलाचा छंद अभ्यासाचा शत्रूच असतो असे नाही. नकाशाकाम आले नसते तर दीनदयाळ यांची छायाचित्रे अशी सरळ उभी राहिली नसती. दुसरी विद्यार्थ्यांसाठी : आपल्या लष्करमधील जुने वाडे एकेक करून पडत आहेत. तुमच्या हातात मोबाईल आहे, तेव्हा पाडण्याआधी वाड्याचा फोटो घ्या. घरातील जुन्या फोटोंच्या मागे नाव, जागा आणि साल लिहा. आजी-आजोबा आहेत तोवर त्यांना विचारून हे काम उरका. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांनंतर कोणाचाच राहत नाही.