रुडॉल्फ डिझेल आणि दोन इंधनांचे इंजिन

जगात अनेक थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. आज मी तुम्हाला ज्यांची माहिती सांगणार आहे, त्यांचे नाव आपल्या गावात रोज घेतले जाते. ट्रॅक्टरवाले घेतात, एस.टी.चे ड्रायव्हरकाका घेतात, विहिरीवर इंजिन असलेले शेतकरी घेतात. ते नाव म्हणजे डिझेल. पण डिझेल हे एका माणसाचे आडनाव आहे, हे पुष्कळांना माहीत नसते.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी फ्रान्स देशातील पॅरिस शहरात झाला. त्यांचे आईवडील मूळचे जर्मनीचे. वडील पुस्तके बांधायचे आणि चामड्याच्या वस्तू करायचे. घरची परिस्थिती बेताचीच होती. छोटा रुडॉल्फ तयार माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोचवीत असे. वेळ मिळाला की तो पॅरिसमधल्या यंत्रांच्या संग्रहालयात जाई. तिथे वाफेवर चालणारी एक फार जुनी गाडी होती. ती तो बघत बसे.

१८७० साली फ्रान्स आणि जर्मनी यांचे युद्ध झाले. जर्मन लोकांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथे पोटापाण्याची पंचाईत झाली, म्हणून आईवडिलांनी रुडॉल्फला जर्मनीत आउग्सबुर्ग गावी नातेवाइकांकडे शिकायला पाठवले. तेव्हा तो फक्त १२ वर्षांचा होता. म्हणजे आपल्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा! तिथे त्याने खूप अभ्यास केला आणि मी इंजिनिअरच होणार असे १४व्या वर्षी घरी पत्राने कळवले.

पुढे ते म्युनिकच्या मोठ्या कॉलेजात गेले. परीक्षेच्या वेळी त्यांना विषमज्वर झाला, पण नंतर १८८० साली परीक्षा देऊन ते फार चांगल्या गुणांनी पास झाले. कॉलेजात त्यांना कार्ल फॉन लिंडे नावाचे सर होते. लिंडे सरांनी शिकवले, की वाफेचे इंजिन कोळशातली फार थोडी उष्णता कामाला लावते. १०० रुपयांचा कोळसा जाळला तर जेमतेम १० रुपयांचे काम होते आणि ९० रुपये धुरात जातात. ही गोष्ट डिझेल यांच्या मनाला लागली. शिवाय वाफेचे मोठे इंजिन फक्त श्रीमंत कारखानदारांनाच परवडायचे. लहान कारागिरालाही घेता येईल असे इंजिन करावे, असे त्यांना वाटे.

त्यांची युक्ती कशी होती ते मी सांगतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाला खालून हात लावून बघा. पंप गरम लागतो, कारण हवा जोराने दाबली की तापते. डिझेल यांनी ठरवले, की इंजिनात नुसती हवा इतकी दाबायची की ती ५०० अंशांपेक्षा जास्त तापेल. मग तिच्यात तेलाचा फवारा मारायचा. काडी नको, ठिणगी नको, तेल आपोआप पेटते आणि दट्ट्या ढकलला जातो. १८९२ साली त्यांनी या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला.

पण कागदावर लिहिणे सोपे असते, इंजिन चालवणे अवघड असते. १० ऑगस्ट १८९३ रोजी आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिली परीक्षा झाली. फवारा आत गेला आणि मोठा स्फोट झाला! दाब मोजायचे यंत्र फुटून तुकडे उडाले. सगळे थोडक्यात वाचले. दुसरा कोणी असता तर घाबरून घरी गेला असता. पण डिझेल यांना आनंद झाला, कारण दाबलेल्या हवेने तेल पेटते हे तर सिद्ध झाले होते.

१७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर फिरले, ते फक्त एक मिनिट! ते पाहून शेजारच्या कारागिराने काहीही न बोलता डोक्यावरची टोपी काढली. ही गोष्ट मला सगळ्यात आवडते. आणखी तीन वर्षे मेहनत केल्यावर १८९७ साली एका प्राध्यापकांनी इंजिन तपासले. ते १०० भागांतली २६ भाग उष्णता कामाला लावत होते. वाफेच्या इंजिनापेक्षा दुपटीहून जास्त!

आपल्या इंजिनाला एकच इंधन लागावे, असा डिझेल यांचा हट्ट नव्हता. सुरुवातीला कोळशाची भुकटी वापरायचा त्यांचा विचार होता. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांच्या पद्धतीचे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. १८९८ साली त्यांनी अमेरिकेत आणखी एका युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०१ साली ते मिळाले. ती युक्ती म्हणजे एका इंजिनात दोन इंधने. हवेबरोबर एक इंधन आधीच आत घ्यायचे आणि दुसऱ्या इंधनाचा छोटा फवारा मारून ते पेटवायचे.

पण डिझेल यांना सुख मिळाले नाही. ते आजारी पडत, कोर्टकज्जे झाले, पैसा गेला, कर्ज झाले. २९ सप्टेंबर १९१३ रोजी रात्री ते बोटीने इंग्लंडला निघाले होते. सकाळी त्यांची खोली रिकामी होती. काही दिवसांनी त्यांचा देह समुद्रात सापडला. ते पाण्यात कसे पडले, हे आजपर्यंत कोणाला नक्की कळले नाही. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. ज्यांच्या इंजिनामुळे इतरांचा पैसा वाचला, त्यांच्याच डोक्यावर कर्ज होते, याचे मला फार वाईट वाटते.

पण त्यांची युक्ती मेली नाही. १९३९ साली इंग्लंडमध्ये डिझेल आणि गॅस दोन्हींवर चालणारी इंजिने विकायला आली. आता नैसर्गिक वायू वाहून नेणारी मोठमोठी जहाजेसुद्धा अशा इंजिनांवर चालतात. हा वायू जमिनीखाली आणि समुद्राखाली सापडतो. १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले. तिथला वायूही नळाने उरणला आणतात.

साधे डिझेल इंजिन दोन इंधनांचे कसे करतात? इंजिन जिथून हवा ओढते, त्या नळीला गॅसची नळी जोडतात आणि मध्ये चावी बसवतात. आधी हँडल मारून इंजिन नेहमीसारखे डिझेलवर चालू करायचे. ते तापले की गॅसची चावी हळूहळू उघडायची. गॅस हवेत मिसळून आत जातो. मग इंजिनाचा गव्हर्नर आपणहून डिझेल कमी करतो. पण डिझेल पुरते बंद करून चालत नाही. गॅस नुसत्या दाबलेल्या हवेने नीट पेटत नाही, डिझेल मात्र लगेच पेटते. म्हणून थोडे डिझेल काडीपेटीचे काम करते. गॅस फार सोडला तर इंजिन ठोके मारायला लागते आणि बिघडते. गॅस संपला तर काही अडत नाही, इंजिन परत डिझेलवर चालते. हे काम मोठ्या माणसांनी जाणकार मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. मुलांनी हात लावू नये.

नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो. आपल्या गोबरगॅसमध्येही तोच मिथेन असतो, म्हणून इंजिन गोबरगॅसवरही असेच चालते. १०० भाग डिझेलऐवजी साधारण २० भागांत भागते. पण एक अडचण आहे. पाच अश्वशक्तीच्या इंजिनाला एका तासाला २ घनमीटरपेक्षा जास्त गॅस लागतो. घरच्या लहान टाकीत चार-पाच जनावरांच्या शेणाचा दिवसभरात एवढाच गॅस होतो. म्हणजे एक तास पाणी उपसले की त्या दिवशी आईची चूल पेटणार नाही. पण दहा घरांचे शेण एका मोठ्या टाकीत गेले तर चूलही पेटेल आणि पिकाला पाणीही मिळेल. आलेल्या पालकांनी याचा जरूर विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

जे इंधन जवळ आहे त्यावर काम भागावे आणि थोडेही वाया जाऊ नये, हे डिझेल यांनी आपल्याला शिकवले. स्फोट झाला तरी ते मागे हटले नाहीत. अशा या थोर इंजिनिअरला माझा नमस्कार.

— इयत्ता चौथी