हेन्री फोर्ड आणि चुलीचा दगड

हेन्री फोर्ड म्हटलं की आपल्याला काय आठवतं? असेंब्ली लाइन, मॉडेल टी आणि ओरलला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न. माझंही ज्ञान तेवढंच होतं. मास प्रॉडक्शनवर सेमिनार घेतला म्हणून लायब्ररीतून त्याच्यावरची पुस्तकं काढली, आणि कारखान्यापर्यंत पोचायच्या आधीच आयर्लंडमधल्या एका खेड्यात अडकलो.

त्याच सुमारास आमच्या घरी एक विषय चालू होता. गावाकडचं आजोबांचं घर पडायला आलंय, विकायचं की ठेवायचं? सुट्टीत बाबा आणि काका बोलत बसले होते. मी मध्येच म्हणालो, त्या पडक्या घराचं करायचंय काय? बाबा नुसते माझ्याकडे बघत राहिले.

असो. गोष्ट फोर्डची आहे.

आयर्लंडच्या दक्षिणेला कॉर्क परगण्यात, क्लोनाकिल्टी गावाजवळ बॅलिनास्कार्थी नावाचं छोटं खेडं आहे. फोर्ड मंडळी तिथे कुळं म्हणून शेती करायची. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. गरिबांचं पोट बटाट्यावरच चालायचं. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली, आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४७ साली फोर्ड कुटुंबानेही घराला पाठ दाखवली आणि अमेरिकेचं जहाज धरलं. त्यात विशीतला विल्यम होता. तोच हेन्रीचा बाप.

अमेरिकेत मिशिगन राज्यात डिअरबॉर्नजवळ विल्यमने शेती केली, सुतारकाम केलं. मेरी नावाच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. ती पोरकी होती. कॉर्क शहरातल्या फेअर लेन या गल्लीतून आलेल्या पॅट्रिक अहर्न यांनी तिला लेकीसारखं वाढवलं होतं. म्हणजे आईच्या माहेरची वाटही कॉर्कलाच जात होती. ३० जुलै १८६३ रोजी हेन्रीचा जन्म झाला.

हेन्रीला शेतीचा कंटाळा. एवढे कष्ट माणसाने का करायचे, हा त्याचा प्रश्न. घड्याळं उघडून पुन्हा जुळवायची, हा त्याचा छंद. १८७६ साली, तो १२ वर्षांचा असताना, आई गेली. त्याच वर्षी त्याने रस्त्यावरून आपलं आपण चालणारं वाफेचं इंजिन पाहिलं. मग पोरगा घरात थांबतोय कसला? १६व्या वर्षी डेट्रॉइटला मशीन शॉपमध्ये उमेदवारीला गेला. पुढे वडिलांनी जमीन देऊन त्याला शेतीकडे वळवून पाहिलं, पण १८९१ साली तो एडिसन कंपनीच्या नोकरीसाठी पुन्हा शहरात आला, तो आलाच.

पुढचं आपण सगळे पाठ करतो. १९०३ साली फोर्ड मोटर कंपनी, १९०८ साली मॉडेल टी, १९१३ साली फिरती असेंब्ली लाइन. एका चासीच्या जुळणीला १२ तासांच्या वर लागायचे, ते काम दीड तासावर आलं. १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या.

पण १९१२ साली, गाडी धडाक्यात खपत असताना, हा माणूस बायको क्लारा आणि मुलगा एडसेलला घेऊन आयर्लंडला गेला. वडील वारून सात वर्षं झाली होती. बॅलिनास्कार्थीला जाऊन त्याने वाडवडिलांचं घर शोधलं. ते त्याला विकत घ्यायचं होतं, पण सांगितलेली किंमत अवाच्या सवा वाटली म्हणून सौदा फिसकटला, असं सांगतात. मग त्याने त्या घराच्या चुलीचा दगड तेवढा मिळवला आणि समुद्रापार नेला. डिअरबॉर्नला रूज नदीकाठी बांधलेल्या आपल्या ५६ खोल्यांच्या बंगल्यात त्याने तो बसवला. बंगल्याचं नाव ठेवलं फेअर लेन.

१९१७ साली त्याने कॉर्कमध्ये कारखान्याची सुरुवात केली. १९१९ साली तिथून पहिला फोर्डसन ट्रॅक्टर बाहेर पडला. ज्या मातीतून उपाशीपोटी निघावं लागलं, तिथल्या लोकांना या कारखान्याने १९८४ पर्यंत रोजगार दिला.

फोर्ड काही देवमाणूस नव्हता. त्याच्या वृत्तपत्राने १९२०च्या दशकात ज्यूंविरुद्ध वर्षानुवर्षं विष ओकलं. १९३७ साली त्याच्या कारखान्याच्या माणसांनी कामगार नेत्यांना बेदम मारलं. हेही त्याच्याच खात्यावर आहे.

आणि इतिहास? तो त्याच्या मते टाकाऊ होता. १९१९ साली एका खटल्यात त्याचं इतिहासाचं अज्ञान जगजाहीर झालं. पण गंमत बघा. त्याच वर्षी रस्त्याच्या कामात त्याचं जन्मघर पाडलं जाणार होतं. त्याने अख्खं घर उचलून बाजूला नेलं आणि आईच्या वेळी होतं तसं पुन्हा उभं केलं. आईकडे होती अगदी त्याच मॉडेलची शेगडी मिळावी म्हणून शोधशोध केली. आसपासची जमीन खणून फुटक्या बशांचे तुकडे काढले आणि त्यावरून तशीच भांडी बनवून घेतली. एकसारख्या दीड कोटी गाड्या बनवणाऱ्याला आईच्या शेगडीऐवजी दुसरी चालत नव्हती!

७ एप्रिल १९४७ला रात्री तो फेअर लेनमध्येच वारला. नदीला पूर आल्याने वीज गेली होती, घरात मेणबत्त्या आणि रॉकेलचे दिवे होते. बापाने आयर्लंड सोडल्याला बरोबर १०० वर्षं झाली होती. आज बॅलिनास्कार्थीत स्टीलची मॉडेल टी उभी आहे.

सेमिनार झाला. सरांनी सायकल टाइमबद्दल विचारलं, दगडाबद्दल नाही. त्या रात्री मी घरी फोन केला. बाबांना म्हटलं, घराचं मे महिन्यापर्यंत काही ठरवू नका. माझा रूममेट सिव्हिलचा आहे. त्याला टेप घेऊन गावी नेणार आहे. पडवी, माजघर, चूल, सगळ्याची मापं घेऊन नीट ड्रॉइंग काढणार. घर राहील की जाईल ते माझ्या हातात नाही. पण ते कसं होतं, हे मला माहीत असायला हवं.

बाबा म्हणाले, मीही येतो.