मुडदूस झालेला मुलगा आणि माझी हाडं

मैत्रिणींनो, पिलाटीज हा शब्द तुम्ही नट्यांच्या मुलाखतींत वाचला असेल. खरं सांगते, मला तो कित्येक वर्षं एखादा खायचा पदार्थ वाटत होता!

मग एक दिवस माझी डेक्सा तपासणी झाली. टी-स्कोअर आला उणे २.७. डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झाल्याचं, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस असल्याचं सांगितलं आणि गोळ्यांबरोबर व्यायामही करायला सांगितला. हे ऐकून मुंबईच्या भाचीने पिलाटीजचा धोशाच लावला. म्हटलं, सतरंजी टाकण्याआधी हे गृहस्थ कोण ते तरी बघू. बघितलं आणि त्यांच्या गोष्टीत गुंतूनच गेले.

जोसेफ पिलाटीज यांचा जन्म १८८३ सालचा, जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाख शहरातला. वडील जिम्नॅस्ट, पण मुलगा अगदी पाप्याचं पितर. दमा, संधिवाती ताप आणि मुडदूस अशी तीन दुखणी लहानपणीच मागे लागलेली. मुडदूस म्हणजे मुलांची हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार. थोडक्यात, या माणसाची सुरुवातच कच्च्या हाडांपासून झाली. पण पोराने हाय खाल्ली नाही. जिम्नॅस्टिक्स, मुष्टियुद्ध, शरीरसौष्ठव, जे जे दिसेल ते शिकत त्याने शरीर कमावलं.

१९१२ च्या सुमारास ते इंग्लंडला गेले. तिथे बॉक्सिंग केलं, सर्कशीतही कामं केली. १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि जर्मन म्हणून इंग्रजांनी त्यांना नजरकैदेत टाकलं. आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत त्यांची वर्षं गेली. दुसरा कुणी असता तर नशिबाला बोल लावत बसला असता. हे मात्र तिथेही सोबतच्या कैद्यांकडून व्यायाम करून घेत. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी त्यांनी खाटांना स्प्रिंगा लावल्या, म्हणजे पडल्या पडल्या हातापायांनी त्या ओढता याव्यात, अशी गोष्ट सांगतात. त्यांची पुढची यंत्रं स्प्रिंगांवरच चालली.

आता यात हाडांचा काय संबंध? तर बायांनो, हाड जिवंत असतं. स्नायू त्याला ओढतो, वजनाचा भार पडतो, तेव्हा ते स्वतःला बळकट करतं. भार थांबला की झिजायला लागतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि ही झीज वाढते. म्हणून तर नुसतं पडून राहणं आपल्याला परवडत नाही.

१९२६ साली पिलाटीज जहाजाने न्यूयॉर्कला निघाले. वाटेत क्लारा भेटल्या आणि पुढे आयुष्यभर दोघांनी मिळून एट्थ अॅव्हेन्यूवरची व्यायामशाळा चालवली. जॉर्ज बॅलन्शिन, मार्था ग्रॅहम यांच्यासारखे नृत्यातले दिग्गज आपल्या नर्तकांना तिथे पाठवू लागले. जोसेफ कडक शिस्तीचे, तर क्लारा शांत. आजारी, जायबंदी माणूस आला की त्याला झेपेल तसा व्यायाम बदलून देण्यात त्यांचा हातखंडा होता. १९४५ साली जोसेफ यांचं दुसरं पुस्तक आलं, त्यात सतरंजीवरचे ३४ व्यायाम होते. १९६७ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी ते गेले. त्यानंतर दहा वर्षांनी क्लाराही गेल्या.

गोष्ट इथे संपवली असती, पण भाचीने पाठवलेले व्हिडिओ मी फिजिओथेरपिस्टना दाखवले आणि त्यांनी चक्क कपाळाला हात लावला. त्या ३४ पैकी कितीतरी व्यायामांत पाठीचा धनुष्यासारखा बाक काढून पुढे वाकायचं असतं, चेंडूसारखं पाठीवर लोळायचं असतं. धडधाकट नर्तकांना ते छान. आपल्या ठिसूळ मणक्यांवर मात्र त्याने पुढच्या बाजूला दाब येतो आणि मणका दबून मोडू शकतो. १९८४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने एक अभ्यास प्रसिद्ध केला. मणके ठिसूळ झालेल्या ज्या बायका पुढे वाकण्याचे व्यायाम करत होत्या, त्यांच्यातल्या ८९ टक्के जणींचे मणके नव्याने दबले. पाठ मागे ताणणाऱ्यांत हेच प्रमाण १६ टक्के होतं. अभ्यास छोटा होता, पण डॉक्टर आजही त्याची आठवण देतात. जोसेफ यांना हे कळणार तरी कसं? डेक्साचं यंत्र यायला त्यांच्यामागे वीस वर्षं लागली.

मग मी काय करते? ओट्याला धरून टाचा उचलते. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठते-बसते. भिंतीला हात टेकून दंड काढते. पोटावर झोपून छाती अगदी थोडी उचलते. तोल सांभाळायला ओट्याजवळच एका पायावर उभी राहते. चालतेही, पण नुसत्या चालण्यावर भागत नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात हाडं विरळ झालेल्या बायकांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञांच्या नजरेखाली जड वजनं उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कण्याची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली. मात्र हे घरी एकटीने करून बघायचं काम नव्हे, बरं का!

आणि घरात? कळशी उचलताना कंबरेतून वाकत नाही. गुडघे वाकवते, पाठ सरळ ठेवते, कळशी अंगाजवळ धरते. बुटक्या केरसुणीला रजा देऊन लांब दांड्याचा झाडू आणला. पाठीत अचानक कळ आली किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटली, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टर गाठायचे, हेही मनाशी पक्कं केलंय.

भाचीला मी कळवलंय की पिलाटीज मी सोडलेलं नाही. कच्च्या हाडांनिशीही हातपाय हलवायचे, ही जिद्द मी जोसेफ यांच्याकडून घेतली. आणि ज्याला जे झेपेल तेच द्यायचं, हे शहाणपण क्लारांकडून. तुम्हीही व्यायाम जरूर सुरू करा, पण आधी आपला मणका कसा आहे ते तपासून घ्या.